विजापूरच्या छतातून कॅम्पातल्या बेकरीचा लोगो

तुमच्या मेलवरून तुमचं काम थोडक्यात असं दिसतंय. पुण्याच्या कॅम्पात एक कुटुंब बेकरी काढतंय. घराणं मूळचं विजापूरकडचं. माल म्हणजे नानकटाई, शीरमाल, खारी, माव्याचा केक. त्यांना लोगो ‘इस्लामी वास्तुकलेसारखा’ हवाय, पण मशिदीची पाटी वाटता कामा नये. तुम्ही चार स्केचेस केलीत: चंद्रकोरीसकट घुमट, कमानीत नावाचं पहिलं अक्षर, वर्तुळात बसवलेली जाळी आणि स्टॉक साइटवरून घेतलेली बारा टोकांची चांदणी. यातलं कोणतं पुढे न्यावं, किती सोपं करावं आणि कुणाच्या भावना दुखावतील का, असे तुमचे प्रश्न आहेत.

चारांपैकी एकही आहे तसं पुढे नेऊ नका. कमानीत दम आहे, जाळी दुसरीकडे कामाला येईल, उरलेली दोन सोडून द्या. अडचण चौघांची एकच आहे. ती कुठल्याही खऱ्या इमारतीवरून काढलेली नाहीत. स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अलहंब्रा महालातलं गिलाव्याचं नाजूक काम, इराणातल्या इस्फहानच्या निळ्या फरशा, अहमदाबादच्या दगडी जाळ्या आणि विजापूरचा काळसर बसाल्ट यांत सामायिक बरंच आहे. पण लोगो काढायला बसलात की ते सामायिक हाताला लागत नाही. हाताला लागते एक इमारत आणि तिचा एक तुकडा. घराणं विजापूरचं आहे म्हणता, मग इमारत शोधायची गरजच कुठे आहे? गोलघुमट घ्या.

आता लगेच घुमट काढायला जाऊ नका. तुमच्या पहिल्या स्केचमधला घुमट विजापूरचाही नाही आणि आग्र्याचाही नाही. खाली एवढा आवळलेला, मध्ये फुगलेला, वर टोकदार कांदा मॉस्कोच्या चर्चवर शोभेल. विजापूरचा घुमट मोठ्या पाकळ्यांच्या कड्यातून वर येतो आणि गोलघुमटाचा तर जवळजवळ अर्धगोलच आहे. पण तो अचूक काढलात तरी दोन सेंटिमीटरच्या स्टिकरवर तो ‘कुठलातरी घुमट’ होणार, आणि वर चंद्रकोर असली की लोक मशीदच वाचणार. गिऱ्हाइकाला नेमकं तेच नकोय.

बाह्याकृतीवर लोगो चालतच नाही असं नाही. १५९१ सालचा चारमिनार तेलंगणच्या राज्यचिन्हात काकतीयांच्या तोरणासोबत बसलाय आणि बारीक छापला तरी ओळखू येतो, कारण चार मिनार आणि मध्ये कमान अशी ठेवण डोळ्यात बसलेली दुसरी इमारत आपल्याकडे नाही. घुमटाला ते भाग्य नाही. घुमट शेकडो आहेत.

तुम्हाला जवळचं उदाहरण अहमदाबादच्या आयआयएमचं आहे. तिचं मूळ बोधचिन्ह सीदी सय्यद मशिदीच्या जाळीवरून घेतलंय. मशीद १५७२-७३ च्या सुमाराची. तिथे ना मिनार घेतले ना घुमट. अर्धवर्तुळाकार खिडकीतल्या झाडाच्या फांद्या तेवढ्या घेतल्या. ते पाहून कुणी ‘ही मशीद आहे का’ असं विचारत नाही, आणि अहमदाबादचा माणूस मात्र लगेच ओळखतो. २०२२ मध्ये हा लोगो बदलायचं घाटलं तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी पत्र लिहून विरोध केला. व्यवस्थापन शिकवणारी माणसं एका खिडकीसाठी भांडली, यावरून ते चिन्ह किती मुरलं होतं ते समजा.

गोलघुमटाची तशी खिडकी म्हणजे त्याचं छत. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ मध्ये पुरी झाली. आतलं दालन चौकोनी, एक बाजू सुमारे ४१ मीटर, मध्ये एकही खांब नाही. वरच्या घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटरच्या आसपास. चौकोनावर गोल बसवायचा हा जुना पेच तिथल्या गवंड्यांनी असा सोडवला, की दालनात एकमेकांत अडकवलेले दोन चौकोन कल्पिले आणि त्यांच्या आठ बाजूंवर आठ उंच कमानी उभ्या केल्या. कमानी एकमेकींना छेदत वर जातात, छेदांच्या मध्ये अष्टकोन उरतो, अष्टकोनावर गोल सज्जा आणि त्यावर घुमट. छेदांमुळे तयार झालेलं ते जड बांधकाम आतल्या बाजूला झुकलेलं असल्यामुळे घुमटाचा बाहेर जाणारा रेटा त्याच्या वजनाने तोलला जातो. लोक तिथे सज्जात जाऊन टाळ्या वाजवतात, कुजबुज ऐकतात आणि खाली येतात. तुम्ही दालनाच्या मधोमध उभं राहून मान वर करा आणि पंधरा मिनिटं फक्त कमानी कुठून निघून कुठे जातात ते बघा. शनिवार-रविवार काढा, सोलापूरपासून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. मोबाईलवर फोटो काढा, पण वहीत हाताने एकदा तरी काढा. हाताने काढताना कुठली रेघ वरून जाते आणि कुठली खालून, ते लक्षात येतं. फोटोत ते दिसत असतं, पण आपण पाहत नसतो.

तो आराखडा कागदावर आला की तुमचं चिन्ह जवळजवळ तयार आहे: दोन चौकोनांची आठ टोकांची चांदणी आणि मध्ये गोल. बेकरीला गोल चालतोच, नानकटाईही गोलच असते. पण हे गिऱ्हाइकाला सांगत बसू नका, त्यालाच दिसू दे.

आता बांधणी. मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर १०० एकक धरा. एक चौकोन काढा, त्याच केंद्रावर ४५ अंशांनी फिरवून दुसरा. टोकांमधल्या आतल्या खाचा केंद्रापासून साधारण ७६.५ वर येतील. तुमच्या फाईलमध्ये त्या दुसरीकडे कुठे येत असतील, तर चांदणी ओढूनताणून काढलीय असं समजा. स्टॉक साइटवरच्या बऱ्याच चांदण्यांत खाचा डोळ्याला बऱ्या दिसाव्यात म्हणून आत ओढलेल्या असतात आणि मग ती चांदणी दोन चौकोनांची राहत नाही, ख्रिसमसची होते. बाजूंना आतून टेकणारं वर्तुळ ७०.७ त्रिज्येचं येतं. ते तिथे काढू नका. रेघ ६ एकक जाड धरली, तर वर्तुळ जिथे बाजूंना टेकतं तिथे आठ काळे ठिपके साचतात आणि दुरून चिन्ह मळकट दिसतं. मी असतो तर मधला गोल भरीव ठेवला असता, ६२-६३ त्रिज्येचा. बाजूंपासून ५ एककांच्या आसपास फट राहते आणि छपाईत ती बुजत नाही.

गोलाच्या मापाबद्दल मी हट्ट धरतोय त्याला आणखी एक कारण आहे, आणि तुमच्या भावना दुखावण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. आठ टोकांची हीच चांदणी मध्ये लहानसं वर्तुळ घेऊन कुराणाच्या छापील प्रतींत खूण म्हणून येते. पठणाच्या सोयीसाठी मजकुराचे भाग पाडलेत, त्यांतला पाव भाग कुठे सुरू होतो ते ती खूण दाखवते. तिला रुब अल-हिज्ब म्हणतात. नुसती आठ टोकांची चांदणी कुणा एकाची नाही. आपल्याकडे ती रांगोळीत येते आणि अष्टलक्ष्मीशीही जोडली जाते. पण चांदणीत छोटं पोकळ वर्तुळ बसवलंत की जाणकाराला ती खूण आठवणारच, आणि ती केकच्या पुठ्ठ्यावर छापून कचऱ्याच्या डब्यात जाणार हे काही घरांत खटकेल. मोठा भरीव गोल त्या खुणेपासून पुरेसा लांब जातो. तरीही पक्कं करण्याआधी कुटुंबातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला प्रिंट हातात देऊन विचारा. मालकाच्या मुलाला विचारून भागत नाही. तो लॅपटॉपवर बघतो आणि ‘मस्त’ म्हणतो. अरबी अक्षरांची नक्षी, मग ती वाचता येवो न येवो, बॉक्सवर अजिबात नको. नेटवरून उतरवलेल्या अशा नक्षीत आयत, म्हणजे कुराणातलं वचन, असू शकते आणि तुम्हाला ती ओळखता येणार नाही.

लहान आकाराचा हिशोब लगेच करून टाका. पूर्ण चिन्ह २०० एकक रुंद. ते ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलमध्ये बसवलं तर ६ एककांची रेघ अर्ध्या पिक्सेलचीही राहत नाही; करडा धूर दिसतो. म्हणून छोट्या आकारासाठी वेगळं चित्र: रेघा नाहीत, गोल नाही, नुसती भरीव चांदणी. ६४ पिक्सेलपासून पुढे पूर्ण चिन्ह वापरा. झोमॅटो-स्विगीवर चित्र किती बारीक आणि कसं कापलेलं दिसतं ते मोबाईलवर बघूनच ठरवा. कमानींसारख्या वर-खाली जाणाऱ्या पट्ट्या दाखवायचा मोह होईल, छेदांपाशी बारीक फटी सोडून. मोठ्या भित्तिचित्रात त्या सुंदर दिसतात. पाटीवर मात्र डोकेदुखी, कारण ॲक्रिलिक कापल्यावर प्रत्येक पट्टीचे तुकडे सुटे होतात आणि पाटीवाला ते एसीपी शीटवर, म्हणजे पाटीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, अंदाजाने चिकटवतो. एक जरी दोन मिलिमीटर सरकला तरी रात्री एलईडी लागल्यावर चांदणी लंगडी दिसते. पाटीसाठी चांदणीची चौकट सलग एका तुकड्यात कापून घ्या, मधला गोल दुसऱ्या.

कमानीकडे येतो. तुमच्या दुसऱ्या स्केचमधली कमान पाकळ्यापाकळ्यांची आहे. शाहजहानच्या काळात मोगल इमारतींत तिचा सुकाळ झाला, पुढे ती राजपूत महालांत गेली आणि पेशवाईत आपल्याकडे लाकडात उतरली. विश्रामबाग वाड्यात सुरूच्या खांबांवर ती बघायला मिळते. तिचं दिसणं छानच, पण पुण्यात तिची ओळख फार पूर्वी बदललीय. लग्नपत्रिका, मंगल कार्यालयाचं प्रवेशद्वार, गणपतीचं मखर, सगळीकडे तीच. कॅम्पातून जाणाऱ्याला तुमच्या लोगोत कार्यालय दिसेल. बेकरीसाठी ती सोडाच.

साधी टोकदार कमान घ्या, आणि ती सॉफ्टवेअरमधली बेझियर वक्ररेषा ओढून डोळ्याच्या अंदाजाने काढू नका. ती अशी बसते. तळाच्या रुंदीचे चार सारखे भाग करा. पहिल्या आणि तिसऱ्या खुणेवर कंपासचं टोक ठेवून एका भागाच्या त्रिज्येने बाहेरच्या टोकापासून वर ६० अंशांपर्यंत कंस काढा. तिथून त्या कंसाची स्पर्शरेषा वर सरळ नेत चला. दोन्हीकडच्या रेषा मध्यावर भेटतात, टोकाशी १२० अंशांचा कोन होतो आणि कमानीची उंची रुंदीच्या ४३ टक्क्यांच्या आसपास येते. कमान किंचित बसकी, खांदे भरलेले, दगडात शोभेल अशी. कंस ४५ अंशांवरच थांबवून स्पर्शरेषा काढलीत तर टोक काटकोनात येतं, उंची ६० टक्क्यांवर जाते आणि तीच कमान एकदम उफाड्याची होते. दोन्ही काढून शेजारी ठेवा. सरळ रेषा फार कोरड्या वाटल्या तर त्यांच्या जागी अगदी उथळ कंस घ्या, पण कंस जिथे संपतो त्या सांध्यावर गचका राहू देऊ नका. तिथला नोड, म्हणजे रेषेचा जोडबिंदू, ‘स्मूद’ केलाय ना ते तपासा. पाटीवर दोन फुटी कमान कापली की तो गचका रस्त्यापलीकडून दिसतो.

मग चांदणी की कमान? मुख्य चिन्ह चांदणीच. कमान दुकानासाठी ठेवा: काचेच्या कपाटाची चौकट, मेन्यूकार्डाचं वरचं टोक, बॉक्सची खिडकी. दोन्ही एका चिन्हात कोंबलीत तर आराखडा आणि दर्शनी भाग एकत्र केल्यासारखं होईल. वास्तुविशारद हसेल, आणि इतरांना कारण कळलं नाही तरी चित्र गोंधळलेलं वाटेल.

जाळीचं तुमचं तिसरं स्केच लोगो म्हणून टिकणार नाही, कारण जाळीचा जीव पुनरावृत्तीत असतो. वर्तुळात कापून ठेवली की तिची कोस्टर होते. पण वेष्टनाच्या कागदाला नक्षी लागणारच, आणि ती वेगळी शोधायला नको. तीच चांदणी आडव्या-उभ्या ओळींत टोकाला टोक लावून मांडत जा. चार चांदण्यांच्या मध्ये आपोआप टोकदार बाहूंचा क्रॉस उरतो. चांदणी आणि क्रॉसच्या अशा फरशा इराणात काशानच्या कारागिरांनी तेराव्या-चौदाव्या शतकात केल्यात आणि जगभरच्या संग्रहालयांत त्या आहेत. एक रंग चांदणीला, दुसरा क्रॉसला, झाला कागद तयार. चिन्ह आणि नक्षी एकाच मापातून आल्या की बॉक्स बघणाऱ्याला ते जाणवतं.

पाच आणि दहा टोकांच्या नक्ष्यांकडे मन ओढलं जाईल, तेवढ्यापुरतं सांगतो. इराणातल्या त्या नक्ष्या, विशेषतः इस्फहानच्या १४५३ सालच्या दरब-ए-इमाम दर्ग्यावरची, गणितज्ञांनाही चक्रावणाऱ्या आहेत. पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं की पाच आकारांच्या फरशांच्या संचातून त्या मांडता येतात. अभ्यास जरूर करा. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या गुंडाळीत कारागिरांची ११४ रेखाटनं आहेत, तीही बघा. पण ३६ आणि ७२ अंशांच्या रेघा लहान आकारात पिक्सेलवर नीट बसत नाहीत, आणि विजापूरच्या कुटुंबाचा इराणशी संबंध जोडायला तुम्हालाच गोष्ट रचावी लागेल.

चौथ्या स्केचबद्दल दोनच वाक्यं. स्टॉक साइट्सच्या परवान्यात ते चित्र ट्रेडमार्क म्हणून वापरायला सहसा मनाई असते, आणि तेच चित्र उद्या कोंढव्यातला दुसरा बेकरीवाला घेऊ शकतो. गिऱ्हाइकाला ते दाखवूच नका, नाहीतर नेमकं तेच आवडायचं.

रंगाचं. हिरवा-सोनेरी घ्यायलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. दख्खनच्या इमारतींचा रंग दगडाचा आणि चुन्याचा. बीदरला महमूद गवानच्या १४७२ सालच्या मदरशावर रंगीत फरशांचे अवशेष आहेत, पण विजापुरात मनात राहतो तो काळपट दगड. मी बसाल्टचा गडद करडा आणि चुन्याचा मळकट पांढरा घेतला असता आणि तिसरा रंग भाजलेल्या पावाच्या कवचाचा. बिदरी भांडं हातात घेऊन बघा: काळ्या पृष्ठभागावर चांदीची तार, दोनच रंग, आणि त्यांतही एक फार थोडा. क्राफ्ट पेपरच्या बॉक्सवर एका रंगात छापायचं असेल, आणि बेकरीच्या नफ्यात बहुधा तसंच छापावं लागेल, तर हीच जोडी तगते. सोनेरी फॉइल ईदच्या बॉक्सपुरतं ठेवा.

अक्षरांचा विचार तुमच्या मेलमध्ये अजिबात नाही, आणि निम्मं काम तिथेच आहे. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. म्हणजे इंग्रजी नाव सजवायचं आणि मराठी खाली बारीक चिकटवायचं, हे बाद. देवनागरी आधी जुळवा. शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा येतात, त्यामुळे चांदणी नावाच्या डोक्यावर ठेवलीत तर खालचं टोक वेलांटीत घुसतं. डावीकडे ठेवा, मधला गोल शिरोरेषा आणि अक्षराचा तळ यांच्या मध्यावर येऊ द्या. देवनागरीला उर्दूचं सोंग देणारे फॉन्ट मिळतात, तिरके आणि नुक्त्यांनी सजवलेले. कृपा करून नको. त्यात देवनागरीही बिघडते आणि उर्दू वाचणाऱ्यालाही ते हास्यास्पद वाटतं. मुक्तासारखा साधा, भरदार फॉन्ट घ्या आणि शिरोरेषेची जाडी चांदणीच्या रेघेएवढी करा. कुटुंबाला उर्दूतही नाव हवं असेल, तर नस्तालिक, म्हणजे उर्दूची नेहमीची लेखनशैली, हाताने लिहिणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दाखवा.

गिऱ्हाइकाला दाखवताना एकच पर्याय दाखवा. एका पानावर डावीकडे छताचा तुम्ही काढलेला फोटो, मध्ये तुमच्या वहीतली रेघ, उजवीकडे चिन्ह. मग बॉक्स, पाटी, मोबाईल. चार पर्याय दाखवले की ‘याचा घुमट आणि त्याची चांदणी एकत्र करून बघा’ हे ठरलेलं आहे.

फाइली देताना एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्ही द्याच, पण पेठेतला छापखाना आणि पाटीवाला दोघेही ‘कोरलमध्ये पाठवा’ म्हणणार, तेव्हा अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट न लागता आकार म्हणून राहणारी, कोरलड्रॉची सीडीआर फाईल आधीच करून ठेवा. नाहीतर त्यांच्याकडे फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात. रबरी शिक्क्यासाठी एक जाड रेघेची आवृत्तीही लागेल.

नोंदणी मालकाने करायची, पण त्याला माहिती तुम्हीच द्या. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे कुठल्याही समाजाच्या धार्मिक भावना दुखावू शकेल असं चिन्ह नोंदलं जात नाही. तुमची चांदणी त्यात अडकायचं कारण दिसत नाही, चंद्रकोर-घुमट मात्र उगाच चर्चेला निमंत्रण देईल. अर्जाआधी व्यापारचिन्ह रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर मिळतीजुळती चिन्हं शोधा, कारण आठ टोकांची चांदणी इतरांनीही घेतलेली असणार. म्हणून चिन्ह आणि नाव जोडूनच अर्ज करा. काळ्या-पांढऱ्यात केलात तर संरक्षण एकाच रंगापुरतं राहत नाही. पाव-बिस्किटं वर्ग ३० मध्ये येतात, दुकानात बसून चहा-खारी देणार असतील तर वर्ग ४३ ही घ्यावा लागेल. छोट्या उद्योगाला ऑनलाईन अर्जाची फी दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, आणि ती तुमच्या बिलात धरलेली नाही हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा.